सॉफ्ट टार्गेट टिकवायचं तर ते कुठे सुटावं हे आधी ठरवा

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: टक्कर टाळण्यासाठी आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणांच्या चाचणीसाठी एका गटाने फोमची डमी गाडी (हेच सॉफ्ट टार्गेट, म्हणजे धडक खाणारं मऊ लक्ष्य) आणि तिच्याखाली धावणारा बुटका स्वयंचलित प्लॅटफॉर्म बनवला आहे. ताशी 30 किमीपर्यंत सगळं सुरळीत चालतं. धडक 50 च्या वर गेली की डमीच्या शिवणी फाटतात आणि प्लॅटफॉर्मची चाकं वाकतात. शिवाय बऱ्याच धडका झाल्यानंतर तीच गाडी, त्याच वेगाला, कधी वेळेवर ब्रेक लावते तर कधी उशिरा. यापेक्षा मजबूत फोम आणि कापड कोणतं घ्यावं?

यातली तिसरी तक्रार सगळ्यात गंभीर आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल. शिवण फाटली तर दिसते, चाक वाकलं तर प्लॅटफॉर्म तिरका धावतो आणि कळतं. पण टार्गेट बाहेरून धडधाकट दिसत असताना रडारला वेगळं दिसायला लागलं, तर त्या दिवसाचे सगळे आकडे संशयास्पद ठरतात आणि ते संशयास्पद आहेत हेही कुणाच्या लक्षात येत नाही. एखाद्या गाडीच्या यंत्रणेवर त्यातून चुकीचा शेरा बसू शकतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे तिच्यातला खरा दोष झाकला जाऊ शकतो. ही यंत्रणा पुढे रस्त्यावरच्या माणसाचा जीव वाचवणार आहे, म्हणून या बाबतीत मी जराही ढिलाई चालवून घेत नाही. चाचणीच्या साधनाचा टिकाऊपणा मोजायचा तो असा: शंभराव्या धडकेनंतर ते सेन्सरला पहिल्या दिवसाइतकंच गाडीसारखं दिसतं का? न फाटणं हा त्याचा फक्त एक भाग.

आता मजबुतीबद्दल. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे सगळ्यांना माहीत असतं, पण रचना करताना ते डोळ्यांसमोर राहत नाही. 100 किलोची डमी उभी आहे आणि गाडी ताशी 50 किमीने आली, तर डमीला त्या वेगापर्यंत नेण्यासाठी साधारण 9.6 किलोज्यूल ऊर्जा लागते. 80 ला ती 24.7 होते, 100 ला 38.6. तुमच्या 30 किमीच्या चाचण्यांत हाच आकडा साडेतीनच्या आसपास होता. म्हणजे 30 वरून 50 वर जाताना तुम्ही वेग पावणेदोन पटींहून कमी वाढवलात आणि शिवणींवरचा भार पावणेतीन पट केलात. मानकांचा ओढाही वरच्या वेगांकडेच आहे. गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेने 2014 मध्ये आपोआप ब्रेकिंगच्या चाचण्या सुरू केल्या तेव्हा मागून धडकेचाच विचार होता, पुढे 2018 पासून सगळ्या बाजूंनी गाडीसारखं दिसणारं ग्लोबल व्हेइकल टार्गेट आलं. अमेरिकेने 2024 मध्ये जाहीर केलेल्या नियमात ताशी 100 किमीपर्यंत पुढच्या गाडीला स्पर्शही न होण्याची अपेक्षा आहे. त्यामुळे आज 50 पुरतं जमवून घेतलंत तरी उद्या हाच प्रश्न पुन्हा समोर येणार.

पण एकूण ऊर्जा ही अर्धीच गोष्ट. पाणी खरं मुरतं ते बंपर सर्वांत आधी ज्या तुकड्याला लागतो तिथे. समजा तिथे 2 किलोचा एक सलग फलक आहे. ताशी 80 म्हणजे सेकंदाला 22 मीटर. तो फलक 5 मिलिसेकंदांत त्या वेगाला पोचवायचा तर सरासरी 9 किलोन्यूटनच्या आसपास बल लागतं. हे बल फलकातून त्याच्या कडांकडे, कडांतून शिवणींकडे आणि तिथून पुढच्या फलकाकडे जातं. कापड मजबूत केलंत तर बल कुठे नाहीसं होत नाही. ते पुढच्या कमजोर जागी जाऊन बसतं, आणि वजन वाढल्यामुळे बलही वाढलेलं असतं. शेवटी ही मजबुती चाचणीच्या गाडीच्या बंपरवर आणि त्यामागच्या रडारवर उतरते. एका ठिकाणी मी पाहिलेल्या टार्गेटमध्ये दर दुरुस्तीला आणखी एक जाड पट्टी शिवली जायची. काही महिन्यांनी ते टार्गेट फाटायचं थांबलं होतं आणि गाड्यांचे बंपर तडकायला लागले होते.

म्हणून माझं उत्तर मजबूत कापडापासून सुरू होत नाही. आधी टार्गेट कुठे सुटेल ते तुम्ही ठरवा. धडक बसताच ते हलक्या हलक्या तुकड्यांत मोकळं व्हायला हवं, प्रत्येक तुकडा शाबूत राहायला हवा, आणि दोन माणसांनी दहा-पंधरा मिनिटांत ते पुन्हा उभं करता यायला हवं. शिवणीवर कधीही सुटण्याची वेळ येता कामा नये. सुटायचं ते सांध्याने.

सांध्यासाठी वेल्क्रोला अजून चांगला पर्याय मला सापडलेला नाही, मात्र तो कसा लावता यावर सगळं अवलंबून आहे. वेल्क्रोची पट्टी तिच्या पृष्ठाला समांतर ओढली तर प्रचंड धरते, आणि एका टोकाकडून सोलली तर सहज सुटते. या दोन स्वभावांचा फायदा घ्या. डमी प्लॅटफॉर्मवर ताशी 80 ने धावत असताना तिच्यावर वाऱ्याचा भार येतो. पुढचं क्षेत्रफळ 2 चौरस मीटर आणि अवरोध गुणांक 0.5 धरला तर तो सुमारे 300 न्यूटन होतो, आडव्या वाऱ्याचा वेगळाच. हा भार सांध्यावर समांतर ओढीच्या रूपात येईल अशी पट्टीची दिशा ठेवा. धडकेचा भार मात्र सोलण्याच्या रूपात यावा. मागच्या फलकाची वेल्क्रो पट्टी कडेवरून दुमडून बाजूच्या फलकाच्या बाहेरच्या अंगावर चिकटवली की धावताना ती घट्ट राहते आणि मागून धडक बसली की कोपऱ्यापासून सोलत जाते. तुमच्या वर्णनावरून तुमचे फलक समोरासमोर चिकटवलेले दिसतात. तसं असेल तर पट्टी एकदम, सगळ्या रुंदीवर सुटायचा प्रयत्न करते, तिला ते जमत नाही आणि शेजारची शिवण बळी जाते.

वेल्क्रोचा शत्रू धूळ. ट्रॅकवरची बारीक खडी आणि टायरचा चुरा हुकांत अडकतो आणि पकड कमी होते. सुटलेले फलक डांबरावर घसरत जाणारच, म्हणून हुकांची बाजू कायम आत, म्हणजे जमिनीला कमी घासणाऱ्या अंगाला ठेवा, मऊ लूपची बाजू बाहेर. पट्ट्या कापडावर थेट शिवू नका. आधी एका बदलण्याजोग्या पट्ट्यावर शिवा आणि तो पट्टा फलकाला जोडा. वेल्क्रो झिजणारच आहे, तो झिजला की फलक टाकून द्यावा लागू नये.

शिवणीकडे एकदा जवळून पाहा. फाटलेली शिवण हातात घ्या आणि बघा की दोरा तुटलाय, की दोरा शाबूत राहून कापडच सुईच्या भोकांच्या रेषेत फाटलंय. दुसरा प्रकार असेल, आणि बहुतेक वेळा तोच असतो, तर टाके फार जवळ जवळ घातले आहेत. भोकांची रांग लागली की पीव्हीसीचा लेप असलेलं कापड टपाल तिकिटासारखं फाटतं. टाक्यांमधलं अंतर वाढवा, दोन रांगा एकमेकींपासून दूर घ्या, आणि कड दुमडून आत वेबिंगची (जाड विणलेल्या नाडीची) पट्टी घाला म्हणजे भार पट्टीवर जाईल. दोरा पॉलिएस्टरचा घ्या. नायलॉन नवा असताना ताकदवान असतो, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी तो लवकर खचतो आणि ओला झाला की सैलावतो. आणि धडकेच्या भागात धातूची एकही कडी, चेनचा एकही सरक, एकही स्क्रू नको. गाडीच्या बंपरवर दिसणारे ओरखडे जवळजवळ नेहमी अशाच कुठल्यातरी चिमूटभर कठीण वस्तूचे असतात.

फोम बंद पेशींचा, म्हणजे ज्याचे हवेचे कप्पे एकमेकांना जोडलेले नसतात असा, असावा. उघड्या पेशींचा फोम दाबून लगेच पूर्ववत होतो हे खरं, पण तो पाणी पितो. ओला फोम जड होतो, आणि 77 गिगाहर्ट्झला पाणी रडारचे तरंग जोरात शोषतं, म्हणजे एकाच पावसाच्या सरीत तुमचं टार्गेट वजनाने आणि रडारच्या दृष्टीनेही बदललं. बंद पेशींच्या फोमला कायमची दाब-घडी पडते हा त्याचा दोष. फलक उभे साठवलेत आणि एकावर एक रचले नाहीत तर तो बराच आटोक्यात राहतो.

आता त्या लहरी ब्रेकिंगकडे. माझा पहिला संशय रडार परावर्तकांवर आहे, म्हणजे फोमची डमी रडारला गाडीसारखी दिसावी म्हणून तिच्यात बसवलेल्या धातूच्या कोपऱ्यांवर. गाड्यांचे पुढचे रडार आता बहुतेक 76 ते 77 गिगाहर्ट्झला चालतात, तरंगलांबी 3.9 मिलिमीटर. डमीच्या आत बसवलेला तीन पृष्ठांचा कोपरा-परावर्तक, ज्याची आतली कड 100 मिलिमीटर आहे, तो या तरंगलांबीला सुमारे 28 चौरस मीटरचं रडार परावर्तन क्षेत्र (वस्तू रडारला केवढी मोठी दिसते त्याचं माप) देतो. हाताच्या पंजाएवढी वस्तू, आणि रडारच्या लेखी ती अख्ख्या गाडीच्या तोडीची! म्हणून तर ती वापरतात. पण हे सगळं तीन पृष्ठं एकमेकांना तंतोतंत काटकोनात असतील तरच. एक पृष्ठ 1 अंशाने कललं तर 100 मिलिमीटरच्या टोकाला 1.7 मिलिमीटर फरक पडतो. तो जवळपास अर्धी तरंगलांबी आहे. परत जाणारा किरण मग एकवटत नाही, फाकतो आणि ज्या दिशेने गाडी येतेय तिकडे कमी ऊर्जा पोचते. 1 अंशाचा हा कल डोळ्यांना दिसत नाही. गुण्या लावून, कडेला प्रकाश धरून पाहिलं तरच फट कळते.

परावर्तन निम्मं झालं तर रडारचा पल्ला चौथ्या मुळाच्या हिशेबाने घटतो, म्हणजे 60 मीटरवर दिसणारी वस्तू 50 मीटरवर दिसते. ताशी 80 च्या सापेक्ष वेगाला हे 10 मीटर म्हणजे साडेचार दशांश सेकंद. ब्रेक याहून बरेच जवळ आल्यावर लागतात, तेव्हा फरक कशाने पडावा, असं कुणी म्हणेल. पण यंत्रणेला समोरची वस्तू खरी आहे, गाडीच आहे, थांबलेली आहे याची खात्री पटायला वेळ लागतो, कॅमेऱ्याशी जुळवून घ्यायला लागतो. तो वेळ तुमच्या वाकलेल्या परावर्तकाने खाल्ला, आणि अहवालात दोष मात्र गाडीच्या नावावर लागला.

उपाय असा: ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे परावर्तक काढून टाका. ते वाकतात, परत सरळ केल्यासारखे वाटतात पण होत नाहीत, आणि कठीण असल्याने गाडीला इजा करतात ते वेगळंच. त्याऐवजी काटकोनात कापलेल्या घट्ट फोमच्या ठोकळ्यावर धातूचा मुलामा दिलेलं वाहक कापड ताणून चिकटवा. ठोकळा दबतो आणि परत मूळ आकारात येतो. फॉइल वापरू नका, कारण ती एकदा चुरगळली की घडीवर तडकते, प्रत्येक धडकेनंतर वेगळी चमकते, आणि त्या चमकेचं कुठलंच गणित बसवता येत नाही. ठोकळ्याला पाऊच द्या, पाऊचमध्ये तो एकाच दिशेने बसेल अशी खाच द्या. पुन्हा जोडताना परावर्तक उलटा बसला, असं ट्रॅकवर घाईत सर्रास होतं.

कॅमेरा आणि लायडर (लेझर प्रकाशाने अंतर मोजणारा सेन्सर) यांच्यासाठीही हीच शिस्त. रंग उडतो, मागच्या दिव्यांची छपाई फिकी होते, ते दिसतं तरी. लायडरचं तसं नाही. पुष्कळ लायडर 905 नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशावर चालतात. डोळ्यांना सारखेच काळे दिसणारे दोन कापडाचे तुकडे त्या प्रकाशात एक काळा आणि दुसरा करडा असू शकतो. म्हणून ठिगळ लावायचं तर मूळ कापडाच्या त्याच गठ्ठ्यातलं लावा, आणि पहिल्याच खरेदीत ठिगळांसाठी जादा कापड घेऊन अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा. एखाद्या चाचणी ट्रॅकवर गेलो की मी आधी त्यांची दुरुस्तीची पेटी उघडून बघतो. त्यात चंदेरी चिकटपट्टीचं रीळ दिसलं की पुढच्या आकड्यांकडे जरा सावधपणे पाहतो. ती पट्टी धातूची असेल तर तिने टार्गेटवर एक नवाच परावर्तक तयार झालेला असतो.

आता प्लॅटफॉर्म. त्याच्यावरून गाडी जाणार, हे गृहीत धरूनच त्याची रचना करावी लागते. तुमची चाकं वाकतात याचा अर्थ गाडीचा भार चाकांच्या आसांतून जमिनीत जातोय. तसा तो जाताच कामा नये. प्लॅटफॉर्मच्या चाकांना स्प्रिंग अशी द्या की प्लॅटफॉर्म आणि डमीचं वजन तेवढं ती पेलेल, त्यावर थोडाच जादा भार आला की चाकं आत सरकतील आणि प्लॅटफॉर्मचा तळ सपाट जमिनीवर टेकेल. मग गाडीचं वजन तळपट्टीतून थेट डांबरात उतरतं. तळ आणि जमीन यांतलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजण्याइतकं कमी ठेवा. फार कमी ठेवलंत तर खडबडीत ट्रॅकवर तळ घासेल, म्हणून आपला ट्रॅक सरळपट्टी ठेवून स्वतः मोजा आणि मगच आकडा ठरवा.

भाराचा आकडा काढताना लोक गाडीचं वजन भागिले चार करतात. तसं करू नका. 2 टनांची गाडी जोरात ब्रेक लावत असते तेव्हा वजन पुढे झुकतं आणि पुढच्या प्रत्येक चाकावर 700 किलोच्या आसपास भार येतो. शिवाय ब्रेक लागलेलं चाक प्लॅटफॉर्मवर नुसतं चढत नाही, ते त्याला पुढे ओढतं. घर्षण चांगलं असेल तर ही आडवी ओढ एका चाकामागे 6 किलोन्यूटनपर्यंत जाऊ शकते. वरच्या पत्र्याचे स्क्रू उचकटतात, झाकणं सोलली जातात, ती या ओढीने. वरचं झाकण सलग ठेवा, स्क्रूंची डोकी पृष्ठाच्या खाली बुडवा, आणि झाकणाच्या कडा खोबणीत अडकवा म्हणजे आडवा भार खोबण घेईल, स्क्रूवर येणार नाही. चारही बाजूंचे उतार लांब आणि सौम्य ठेवा. ब्रेक लावताना गाडीचं नाक खाली आलेलं असतं, त्यामुळे बंपरखाली मोकळी जागा कागदावर दिसते तेवढी उरलेली नसते. उताराची पातळ कड आधी वाकते आणि वाकलेली कड टायर कापते, म्हणून ती वेगळी बदलता येणारी ठेवा.

ट्रकच्या चाचण्या याच प्लॅटफॉर्मवर घेऊ नका. ट्रकच्या एका आसावरचा भार टनांमध्ये दोन आकडी असू शकतो. त्यासाठी वेगळा प्लॅटफॉर्म लागतो.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये मला दोनच गोष्टींवर बोट ठेवायचंय, बाकीचं तुमच्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. पहिली उष्णता. पाणी आत जाऊ नये म्हणून सगळं बंद केलंत की उष्णताही आत कोंडते, आणि उन्हात तापलेलं डांबर खालून भाजत असतं. मोटरचे कंट्रोलर तळपट्टीला चिकटवून उष्णता तिच्यात सोडा, पण बॅटरी तळापासून आणि वरच्या झाकणापासूनही वेगळी ठेवा. दुसरी गोष्ट जडत्वमापकाची, म्हणजे प्लॅटफॉर्मची हालचाल आणि वळण मोजणाऱ्या सेन्सरची, बसकण. धक्क्यापासून वाचवायला तो रबरावर बसवावासा वाटतो, पण रबरावर तो स्वतःच डुलतो आणि मोजमाप बिघडतं. युरो एनकॅपच्या चाचण्यांत आडवं विचलन 5 सेंटिमीटरच्या आत राखायचं असतं, वेग ताशी 1 किमीच्या आत. त्यात या डुलण्याला जागा नाही. सेन्सर सांगाड्याला पक्का जोडा, आणि जिथून चाक कमीत कमी वेळा जातं अशा जागी, म्हणजे प्लॅटफॉर्मच्या मधोमध ठेवा. उपग्रह-स्थाननिर्देशकाचा अँटेना झाकणात बुडवलेला हवा आणि त्यावरचं आवरण प्लास्टिकचं हवं.

पादचारी डमीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचं पाऊल तेच असेल म्हणून एवढंच सांगतो: तिचे पाय हलणारे असतात, कारण रडार चालत्या माणसाला त्याच्या पायांच्या हालचालीवरून ओळखतं. धडकेत पायांच्या मोटरचे गिअर जातात. मोटर आणि पाय यांच्यात घसरता क्लच द्या, आणि प्रत्येक धडकेनंतर दोन्ही पाय पुन्हा शून्यावर आणायची सोय ठेवा. नाहीतर डमी पुढच्या फेरीत लंगडत चालेल.

साधनाची चाचणी गाडीने करू नका. रुळावर सरकणारी एक साधी गाडी बनवा, तिला बंपरच्या आकाराचं नाक लावा आणि टार्गेटला कमी वेगापासून वर वर नेत धडका द्या. उच्चवेग कॅमेऱ्यात कुठला सांधा आधी सुटतो ते पाहा. ठरवलेला सांधा सुटत नसेल तर त्या सांध्याची पकड कमी करा, शेजारच्याची वाढवू नका. प्रत्येक फलकाला, प्रत्येक परावर्तकाला क्रमांक द्या आणि त्याने किती धडका, कुठल्या वेगाला खाल्ल्या ते वहीत लिहा. रोज सकाळी चाचणीआधी ट्रॅकवर ठरलेल्या अंतरावर माहीत असलेल्या मापाचा एक राखीव परावर्तक ठेवून रडारने तो मोजा, मग त्याच जागी टार्गेट ठेवून ठरलेल्या कोनांतून मोजा. दोहोंतला फरक नोंदवत गेलात तर टार्गेट कधी बदलायला लागलं हे तुम्हाला आठवड्याभरात दिसेल. राखीव परावर्तकाला धडक कधीच बसू द्यायची नाही, आणि तो कुलपात ठेवायचा.

तुमच्या जागी मी आत्ता फोम आणि कापडाची खरेदी थांबवीन. पहिल्यांदा सगळे परावर्तक काढून गुण्याला लावीन, त्यांचं काय झालंय ते पाहीन, आणि ज्या चाचण्यांत ब्रेकिंग लहरी होतं त्या नवे परावर्तक बसवून पुन्हा घेईन. मग वेल्क्रोची दिशा बदलीन. प्लॅटफॉर्मच्या चाकांचं काम सगळ्यात मोठं आहे, पण ते होईपर्यंत धडकेचा वेग ताशी 40 च्या खाली ठेवून बाकीच्या चाचण्या चालू ठेवता येतील.